पाकिटात गेलेलं मत

परवा भर दुपारी गल्लीत पुन्हा तो आवाज आला. डांबर मऊ पडलेलं, कुत्री गटारीच्या कडेला लवंडलेली, आणि एवढ्यात टपावर कर्णा बांधलेली रिक्षा कोपऱ्यावरून वळली. ‘मतदार बंधू-भगिनींनो...’ मी दुकानात कुणाच्या तरी मिक्सरचं पोट उघडून बसलो होतो. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. आवाज खणखणीत होता, गोड होता आणि एकही चूक करत नव्हता. त्यावरून लगेच ओळखलं, आत माणूस नाही, नुसती सीडी आहे. रिक्षावाला निवांत तंबाखू चघळत होता आणि मागची सीट रिकामी होती.

त्या मागच्या सीटवर एके काळी मी बसायचो.

नव्वदच्या त्या दशकात निवडणुका इतक्या वरचेवर यायच्या की माझा घसा नीट बरा व्हायचाच नाही. आवाज ही मला मिळालेली एकमेव मोठी गोष्ट. डोकं देताना देवानं हात आखडता घेतला, त्याची ही भरपाई असावी. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं कर्णा आणि माईक भाड्यानं न्यायला सगळ्या बाजूंची माणसं यायची आणि जाताना मलाही घेऊन जायची. सकाळी एकाचा प्रचार, संध्याकाळी दुसऱ्याचा. एकदा आमच्या उमेदवाराच्या दारातच, त्यांच्या सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या असताना, मी विरुद्ध बाजूच्या माणसाला प्रचंड बहुमतानं निवडून देण्याचं आवाहन केलं. दोन वेळा केलं. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या. त्यांनी पुढं मत मात्र माझं ऐकूनच दिलं, अशी गल्लीत बोलवा होती. तेव्हापासून माझं नाव दत्ता असलं तरी मला सगळे भोंगा म्हणायला लागले.

त्या हंगामाला स्वतःचा एक वास होता. भिंतींवर नव्यानं मारलेल्या चुन्याचा, मैद्याच्या खळीचा, उसाच्या रसात पिळलेल्या आल्याचा. कळंब्याचा तलाव आटून कडेची काळी माती भेगाळलेली असायची, आणि त्याच बाजूच्या कुठल्याशा मळ्यात कार्यकर्त्यांसाठी मटणाच्या पंगती उठायच्या. दिवसभर लोकशाहीसाठी ओरडायचं आणि मग पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवायच्या. मला वाटायचं, निवडणूक म्हणजे हेच. लोक मत का देतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही ओरडतो म्हणून देतात, असा माझा प्रामाणिक समज होता.

आमच्या गल्लीत मल्लाप्पाण्णांचं चिरमुऱ्यांचं दुकान होतं. वर माडीवर घर. मूळचे सीमेकडचे, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. त्यांची बायको गौराक्का. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक, पण माप घालताना हात मोकळा. एरवी दुकान बंद ठेवायचं म्हटलं की अण्णांच्या जिवावर यायचं. मतदानादिवशी मात्र सकाळीच फळ्या लागायच्या. अण्णा परीटघडीचं धोतर नेसायचे, अक्का ठेवणीतलं इरकली लुगडं, आणि दोघं शाळेकडं निघायची. जाताना अण्णा पुढं, येताना अक्का पुढं. कारण येताना अण्णा मागून विचारत असायचे, ‘कुणाला टाकलंस? सांग की.’ अक्का बोलायच्या नाहीत. इतकी वर्षं संसार झाला, पण बायको मत कुणाला देते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानात बसलो की मला सांगायचे, ‘दत्तू, हिच्या डब्यातला पैसा सापडला, हिच्या म्हायेरच्या भानगडी समजल्या, पर ह्ये एक न्हाय.’ तक्रार करताना तोंडभर हसायचे.

अशाच एका उन्हाळ्यात मतदान दोन दिवसांवर आलं असताना अण्णा गेले. सकाळी चिरमुऱ्याचं पोतं सोडता सोडता खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्यात दहन नाही. कपाळाला विभूती लावून, बसवून माती देतात. मी खांदेकऱ्यांत होतो. परत येताना प्रचाराची एक रिक्षा समोरून आली, आम्हाला बघून तिनं कर्णा बंद केला, आणि आम्ही पुढं गेल्यावर जिथं वाक्य तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू केला. त्यातला आवाज माझाच होता. आदल्या दिवशी भरून ठेवलेली कॅसेट. आपण माणसाला माती देऊन चाललोय आणि आपलाच आवाज पाठीमागं हसतखेळत मतं मागतोय, हे ऐकताना मान वर करवेना.

मतदानादिवशी मी शाळेपासून ठरलेल्या अंतरावर, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसलो होतो. येणाऱ्याला यादीतला नंबर शोधून चिठ्ठी द्यायची, न आलेल्यांकडं रिक्षा पाठवायची, हे काम. उन्हं वर आली तसा आमच्यातला एकजण यादी घेऊन आला. ‘मल्लाप्पाण्णांच्या घराकडं रिक्षा धाडू काय?’

मला त्याचा रागच आला. मयताच्या घरी मतं मागायला जायचं? माझ्यातला सज्जन माणूस जागा झाला. माझ्यातला सज्जन माणूसही माझ्याच आवाजात बोलतो. मी ओरडलो, ‘अरं, अक्कल हाय का तुला? परवा मयत झालंय तिथं! त्या माउली आता कुठनं येत्यात? ते नाव सोडून द्या!’

पलीकडच्या, विरुद्ध बाजूच्या टेबलावरच्यांनीही माना वळवल्या. चहावाल्यानं ऐकलं. चिठ्ठीच्या रांगेतल्या बायकांनी ऐकलं. मी मोठ्या समाधानानं रुमालानं घाम पुसला. एका दुखऱ्या घराची आपण राखण केली, असं मला वाटलं.

दुपार उतरली. राधानगरीच्या अंगाला ढग जमायला लागले होते, वळवाचे. हवा थांबलेली. आणि गल्लीतून गौराक्का चालत येताना दिसल्या.

तेच ठेवणीतलं इरकली, पदर डोक्यावरून. कपाळावर कुंकवाच्या जागी विभूतीचा पट्टा. ओट्यावर बसलेल्या बायका एकामागोमाग एक उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या वहिनी पुढं झाल्या.

‘अगं अक्का, कुठं निघालीस? सुतकात?’

‘आमच्यात सुतक धरत न्हाईत, बाई.’

‘आगं पर लोक काय म्हणतील?’

‘लोकास्नी आज मत टाकायचंय. टाकून झालं की म्हणू द्या.’

बोलणं तितकंच बारीक. पण वहिनी बाजूला झाल्या. मी टेबल सोडून धावलो. ‘अक्का, रिक्षा देतो की, थांबा!’ त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी मागोमाग शाळेच्या व्हरांड्यापर्यंत गेलो आणि खोलीच्या दारात उभा राहिलो.

पहिलीच्या वर्गाची ती खोली. भिंतीवर अ अननसाचा, ग गणपतीचा अशी ज्ञपर्यंतची चित्रं, खाली लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. आत आमच्या बाजूचा एजंट म्हणून आमचे टेलर रफीकभाई होते. गल्लीतलं प्रत्येक माणूस त्यांच्या मापाच्या पट्टीखालून गेलेलं, त्यामुळं ओळखीला त्यांच्यासारखा माणूस नाही. अक्कांनी नंबर सांगितला. यादीवाल्यानं बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

‘गौराबाई मल्लाप्पा? ह्यांचं मत झालेलं आहे.’

‘कुणाचं?’

‘गौराबाईंचं.’

‘गौराबाई मीच न्हवं का?’

रफीकभाई ताडकन उठले. ‘साहेब, ही खरी गौराक्का. हिच्या चोळ्या मी शिवतोय. हिच्या नावावर कोण येऊन गेलं?’ मग त्यांचाच चेहरा उतरला. दुपारच्या नमाजाला ते बाहेर गेले होते. त्यांच्या जागी बदली बसलेला माणूस पलीकडच्या गल्लीतला. पदर ओढून कुणी बाई आली आणि आपलं नाव गौराबाई म्हणाली, तर त्यानं काय ओळखायचं? रफीकभाईंनी दाराकडं बघितलं. ‘भोंग्या,’ ते म्हणाले, ‘सकाळी गल्लीभर तूच वरडलास न्हवं, त्या येणार न्हाईत म्हणून?’

खोलीतली सगळी माझ्याकडं बघायला लागली. दोन्ही बाजूंचे एजंट, शिपाई, भिंतीवरचा गणपतीसुद्धा. ते मत आमच्या टेबलावरच्या कुणी टाकायला लावलं की समोरच्या, ते आजतागायत कळलेलं नाही. दोन्हीकडची माणसं तितकीच हुशार होती. निरोप मात्र माझा होता, आणि तो मी फुकट पोचवला होता.

केंद्राचे मुख्य अधिकारी राधानगरीकडचे एक मास्तर होते. दिवसभर उकाड्यात बसून त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी अक्कांना खुर्ची दिली. नवऱ्याचं नाव विचारलं, घर विचारलं, रेशनकार्ड बघितलं. मग जरा पुढं वाकून समजावलं, ‘बाई, तुमच्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलंय. ते आता पेटीतून काढता येत नाही. तुम्हाला मी दुसरी मतपत्रिका देऊ शकतो, तसा नियम आहे. पण ती पेटीत पडत नाही. पाकिटात ठेवायची आणि पाकीट बंद करायचं. ती मोजत नाहीत. खोटं सांगून तुम्हाला शिक्का मारायला लावणार नाही. घरची परिस्थिती बघता, तुम्ही परत गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही.’

मला वाटलं, अक्का आता उठतील. मनातून मला तेच हवं होतं. त्या परत गेल्या असत्या तर माझी चूक तेवढ्यावर मिटली असती.

‘पाकिटावर माझं नाव ऱ्हातंय?’ त्यांनी विचारलं.

‘वेगळ्या कागदावर राहतं. सही घेतो आम्ही. खरी मतदार नंतर आली होती, अशी नोंद होते.’

‘मग द्या.’

‘मोजणार नाहीत, बाई.’

‘आयकलं की. न्हाय मोजलं तर न्हाय. पर मी आज अशीच परत गेले, तर ती कोण येऊन गेली तीच गौराबाई म्हणून ऱ्हाईल. तिनं टाकल्यालं माझं म्हणून ऱ्हाईल. ती म्हणजे मी न्हवं, एवढं तर कागदावर ऱ्हाऊ द्या.’

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद पुढं ओढला. अक्कांनी अक्षर अक्षर जुळवत सही केली. शाईवाल्यानं डावा हात मागितला. हातात बांगड्या नव्हत्या. मनगटावर जिथं त्या इतकी वर्षं होत्या तिथली कातडी उजळ होती, एखाद्या भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर दिसते तशी. शाईवाला तरणा होता. त्यानं तो हात धरला आणि क्षणभर काडी बुडवायचंच विसरला.

मग त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. जे मत कुणी बघणार नव्हतं, कुणी मोजणार नव्हतं, ते त्या एकेक चिन्ह बघत देत होत्या. बाहेर आल्या तेव्हा कागदाची घडी नीट घातलेली होती, शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हाला लागू नये अशी. पेटी समोरच होती. तिच्या अंगावरून त्या पुढं गेल्या आणि घडी मास्तरांच्या हातात दिली.

आज टीव्हीवर मोठी माणसं बसून या विषयावर भांडतात. लोक जात बघून मत देतात, पैसा बघून देतात, लाटेत देतात. असेलही. मी स्वतः पांढऱ्या रश्श्यावर दिलेलं आहे, त्यामुळं माझ्या तोंडून कुणाला उपदेश शोभत नाही. पण एवढ्या वर्षांत दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला मी सहज विचारत आलोय, आणि उत्तरं निराळीच मिळतात. रफीकभाई म्हणतात, ‘यादीत आपलं नाव हाय का, बघून येतो. हाय म्हटल्यावर सहा म्हैने झोप चांगली लागती.’ हे ते हसत म्हणतात, पण नाव सापडेपर्यंत त्यांचा चेहरा मी बघितलेला आहे. माझी आई म्हणायची, लग्नानंतर तिचं नाव चारचौघांत मोठ्यानं घेणारा तो यादीवाला एकटाच. एरवी ती कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. तालमीतले एक थोरले वस्ताद कुणालाच मानत नाहीत, सगळ्या उमेदवारांना सारख्या शिव्या देतात, आणि सकाळी रांगेत पहिले असतात. का म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘मर्दा, शिव्या द्याचा हक्क नको व्हय शाबूत ठेवाय?’

यातल्या कुणालाही आपल्या एका मतानं सरकार पडेल असं वाटत नाही. ती माणसं भाबडी नाहीत. त्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हाही फरक एवढा मोठा होता की आमच्या गल्लीनं मत दिलं काय, न दिलं काय, सारखंच होतं. गौराक्कांचं पाकीट कुठल्या कपाटात गेलं, कधी रद्दीत गेलं, देव जाणे. गुलाल उधळत मिरवणूक त्यांच्या माडीखालून गेली तेव्हा मी त्या गाडीवर माईक धरून उभा होतो. वर खिडकी बंद होती. माझा आवाज तिथं बसला, आणि तो घशानं बसला नव्हता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी खोलीबाहेर आल्यावर मी व्हरांड्यात अक्कांना गाठलं. काय बोलायचं ते मला सुचेना. मला, ज्याला माईक दिला की तासभर सुचायचं.

‘अक्का, माझ्यामुळं झालं हे. मी सकाळी...’

‘आयकलं मी. खिडकीतच हुते.’ त्या खांबाला टेकल्या. इतका वेळ ताठ होत्या, आता दमलेल्या दिसल्या. ‘तवर माझं ठरलं न्हवतं बघ. मन हुईना. त्यांच्याबिगर कसं जायाचं? आन् तू वरडलास, ते नाव सोडा म्हणून.’ त्यांनी पदर सारखा केला. ‘तवा म्हटलं, मी काय त्यांच्यासंगं गेले व्हय रे? घरात पावणं हुतं. त्यास्नी वाढलं, आवरलं, आन् आले.’

सकाळी मी एकाच ओरडण्यात दोन माणसं पुरली होती. त्यातलं एक उठून चालत आलं होतं.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. ‘तुझं बोट कोरडं कसं?’

मी बोट बघितलं. खरंच कोरडं होतं. सकाळपासून गल्लीला हाकलत होतो, म्हाताऱ्यांना रिक्षात घालत होतो, पेठ वडगावला गेलेल्या एकाला फोन करून बोलावून घेतलं होतं, आणि स्वतः मत द्यायचंच राहिलं होतं. गल्लीला हसायला हे पुढं वर्षभर पुरलं. त्या क्षणी मात्र हसायला कुणी नव्हतं.

‘राहिलं,’ मी म्हणालो. ‘आता काय, वेळ संपत आली. आणि तुमचं असं झाल्यावर मी कुठल्या तोंडानं...’

‘त्वांडानं कशाला? बोटानं टाक.’ त्या ओसरीच्या कट्ट्यावर बसल्या. ‘जा. मी हितं हाय.’

‘तुम्ही घरी जावा अक्का, पाऊस येईल.’

‘तुझं मोजत्यात न्हवं? मग जा म्हटलं की.’

गल्लीतल्या बायका फाटकाशी उभ्या होत्या. सगळं शाळेचं पटांगण बघत होतं. नवरा जाऊन तिसरा दिवस, आणि ही बाई उघड्यावर, माझ्यासारख्याच्या मतासाठी बसलेली. मी आत गेलो. यादीवाल्यानं नाव पुकारलं. शाई लागली. मतपत्रिका घेऊन पुठ्ठ्यामागं गेलो.

आजवर मी तिथं जायचो तसाच बाहेर यायचो. शिक्का कुठं मारायचा ते कर्णा भाड्यानं नेणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असायचं. महिनाभर ज्यांची नावं मी घसा फोडून घेत होतो, त्यातल्या एकालाही मी कधी प्रश्न विचारलेला नव्हता. त्या दिवशी शिक्का उचलला आणि खाली ठेवला. कागद सपाट केला. पहिलं नाव वाचलं. मग दुसरं. हा माणूस कोण, यानं काय केलं, मी त्याला का द्यावं. तिसरं. बाहेर विजेचा कडाका झाला, पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. माझं वाचून होत नव्हतं.

‘अहो, किती वेळ? आटपा लवकर, बंद करायची वेळ झाली,’ यादीवाला करवादला.

खिडकीबाहेरून, अगदी बारीक आवाजात उत्तर आलं.

‘वाचू द्या त्येला, सायेब. मी थांबलीया की.’